भिवाला दुखत नाही

माझं नाव सगुणा. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे विकते आणि माझ्या तोंडाला सगळी जेटी घाबरते. तोंडाचा पट्टा चालवल्याशिवाय आमच्या धंद्यात टोपलीतला बांगडा हलत नाही, त्याला मी काय करू? पण आज सांगायचंय ते माझ्या भावाचं, भिवाचं. तो फारसा बोलत नाही, म्हणून जन्मभर त्याच्या वाटचं मीच बोलत आले. ते बोलणं कसं झालं ते आधी ऐका, मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाला.

भिवा आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे, माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. अगदीच मुका नाही हो. चहा, नको, ताई, उद्या शुक्रवार, असं दोन-दोन शब्दांत त्याचं चालतं. डोळ्याला डोळा देत नाही. शाळेत दुसरीपर्यंत गेला. घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली शिरायचा. शेवटी मास्तरच घरी आले, म्हणाले, ह्याला जाळ्यावर बसवा. बापूस उलट खूश झाला. दहाव्या वर्षी भिवाने जाळं सांधायची सुई हातात धरली ती आजतागायत.

आणि काय सांधतो! फाटलं कुठे होतं ते नाखवाला दाखवूनसुद्धा सापडायचं नाही. सकाळी आठ वाजता जेटीवरच्या शेडमध्ये जायचं, भिंतीला पाठ लावून बसायचं, उजव्या पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवायचं, ताणून धरायचं आणि सुई चालवायची. जागा तीच, भिंत तीच, अंगठा तोच. तेहतीस-चौतीस वर्षं. त्याच्या भिंतीपाशी कुणी टोपली ठेवली तर तो बसायचाच नाही, टोपली हलेपर्यंत उभा. लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू.

आमच्या घरात एक गोष्ट पक्की होती: भिवाला दुखत नाही. तो सहा वर्षांचा असताना चुलीतला निखारा त्याच्या पायाखाली आला. पोर तसंच उभं. कातडं जळल्याचा वास सुटला तेव्हा आयशीने धावत जाऊन उचललं. रडला नाही, ओरडला नाही, नुसता मान हलवत राहिला. आमची आय, काशी तिचं नाव, ती घाबरून देवळात गेली, देवीला गाऱ्हाणं घातलं आणि कौल लावला. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली तर होकार. आयशीने विचारलं, हे पोर तुझं काय? उजवी पडली. गुरव म्हणाला, बाय, देवीचं पोर हाय, तिची नजर हाय त्याच्यावर. एवढंच म्हणाला बिचारा. पुढचं शेपूट आम्ही लावलं. देवीचं पोर, म्हणून त्याला दुखणं नाही. असं ना गुरव म्हणाला होता, ना देवी. पण आय ते सांगत राहिली आणि आय गेल्यावर मी सांगत राहिले. कौतुकाने सांगायचे, मेली मी.

आय जाताना माझा हात धरून म्हणाली होती, ह्याला उपाशी ठेवू नको. तो शब्द मी पाळला. माझा नवरा वारला होता, पोरबाळ नव्हतं, मी परत माहेरच्या घरात येऊन राहिले आणि भिवाला पोटभर घातलं. काय घातलं, ते विचारा. लहानपणी तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं चापून खायचा. मधे कधीतरी त्याने भाकरी सोडली. ताटात वाढली की बाजूला सारायची. मग मऊ भात, भातावर साखर, आणि चहात बुडवलेली बिस्किटं. सकाळी एक पुडा, संध्याकाळी एक. तो बिथरला, हात झटकायला लागला, पुढेमागे झुलायला लागला, की मी हातावर बिस्कीट ठेवायची. गप व्हायचा. मला वाटायचं, भावाला सांभाळावं तर माझ्यासारखं. जेटीवर सांगायची, आमच्या भिवाचे नखरे राजाचे, त्याला भाकरी नको, त्याला बिस्कीट लागतं.

डॉक्टरकडे एकदा नेला होता, बरीच वर्षं झाली. पोट धरून बसला होता म्हणून. ही गर्दी, डोक्यावर फडफडणारी ट्यूबलाइट, पोरांची रडारड. दोन तास बसवलं. कंपाउंडरने दंड धरला तसा भिवा त्याला चावला. लोकांनी असं बघितलं माझ्याकडे, की मी त्याला घेऊन निघाले ती थेट घरी. तेव्हाच कानाला खडा लावला. पुन्हा डॉक्टर नको. नाहीतरी त्याला दुखतंय कुठे, असं म्हणून मोकळी झाले. लाज मला वाटली होती आणि दवाखाना त्याचा बंद झाला.

आता गेल्या श्रावणाचं सांगते. पावसाळी मासेमारी बंदीचा काळ, सगळ्या होड्या वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडला की दुसऱ्या दिवसापासून धंदा सुरू, म्हणून शेडमध्ये जाळ्यांचा ढीग पडलेला असतो. विनोद नाखवा, ज्याची जाळी भिवा वर्षानुवर्षं सांधतो, तो माझ्या दारात आला. म्हणाला, सगुणाताई, तुझ्या भावाचं काय बिनसलंय? काम निम्म्यावर आलंय, गाठी सैल पडतात, आणि चार दिवस झाले, जाळं डाव्या अंगठ्यात धरतो. पोरं त्याला डावखुरा डावखुरा म्हणून चिडवतायत.

मी तरातरा शेडमध्ये गेले. खरंच, भिवाने जाळं डाव्या अंगठ्यात अडकवलेलं. त्यामुळे जाळं उलटं पडत होतं, हाताला पीळ बसत होता. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. चिंधी सगळेच गुंडाळतात, दोरीने कातडं सोलतं म्हणून. त्यात मला काही वेगळं दिसलं नाही. चार माणसं बघत होती, विनोद मागे उभा होता, माझ्या नाकावर राग आणि डोक्यात नारळी पौर्णिमा. मी खाली बसले, डाव्या अंगठ्यातलं जाळं काढलं आणि माझ्या ह्या हातांनी त्याच्या उजव्या अंगठ्यात घातलं. वर हिसका देऊन ताणलं. भिवाने घशातून बारीक आवाज काढला. झुलायला लागला. मी पदराच्या गाठीतलं बिस्कीट काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, असं धर, रोजच्यासारखं.

तीस वर्षांत त्या माणसाने आपली भिंत बदलली नव्हती. अंगठा बदलला. त्याच्याकडे ओरडायला तोंड नव्हतं, म्हणून त्याने अंगठा बदलून ओरडून सांगितलं. सगळ्या शेडला दिसलं, विनोदला दिसलं, मला दिसलं. आणि मी ते जाळं परत होतं तिथे घातलं. त्यानंतर भिवाने नऊ दिवस उजव्या अंगठ्यावर काम केलं. मी सांगितलं होतं ना, असं धर.

दहाव्या दिवशी आठ वाजले तरी तो उठला नाही. अंग भट्टीसारखं तापलेलं. चिंधी सोडली तर अंगठा काळानिळा, खालून भोक पडलेलं, आणि तो वास. हे ऐका. मी दहा पावलांवरून सांगते, कोलंबी कालची की आजची. गिऱ्हाईकाला फसवायला निघालेल्या बायकांना मी वासावरून पकडलंय. आणि माझ्या घरात माझ्या भावाचा पाय सडत होता, तो वास मला कळला नाही. माशाच्या वासात गेला असेल, असं लोक समजूत घालायला म्हणतात. म्हणोत बापडे.

विनोदने गाडी काढली. हॉस्पिटलात साखर मोजली, चारशेच्या वर निघाली. भिवाला डायबेटीस, किती वर्षांचा कुणास ठाऊक. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. तिथे डॉक्टर नम्रता भेटल्या, माझ्या पोरीच्या वयाच्या असतील, पोर असती तर. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ह्यांना ऑटिझम आहे हे कुणी सांगितलंय का कधी? मी म्हटलं, बाई, ते काय असतं? तो असाच आहे, जन्मापासून. त्यांनी समजावलं. स्वमग्नता म्हणतात मराठीत. अशा माणसांना आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा जास्त बोचतो. दुखतं तेव्हा आपल्यासारखं सांगता येत नाही, तोंडावर दिसतही नाही. पण दुखतं, ताई. आपल्याइतकंच दुखतं, कधी जास्तच.

मला त्यांचा रागच आला. चव्वेचाळीस वर्षं सांभाळलं मी, आणि ही कालची पोर मला माझा भाऊ शिकवते! तोंडावर आलं होतं, पण गिळलं. घरी येऊन मात्र रडले. निखाऱ्यावर उभं राहिलेलं ते सहा वर्षांचं पोर डोळ्यांसमोरून हलेना.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. साखर सहा महिन्यांत उतरली नाही, तर जखम पुन्हा चिघळेल आणि पाऊल घोट्यापासून काढावं लागेल. बिस्किटं बंद, साखर बंद, भाताला हात आखडता. नाचणीची भाकरी, भाजी, मासे. आणि दर पंधरवड्याला तपासणी. मी मनात म्हटलं, तपासणी? हा? दवाखान्याच्या पायरीवर उभा राहणार नाही.

पण त्या बाईंची रीत वेगळी. दुपारी दोनची वेळ दिली, सगळे पेशंट गेल्यावर. आधी माझ्या मोबाइलवर फोटो पाठवले: दवाखान्याचं दार, आतली खुर्ची, साखर मोजायचं यंत्र. म्हणाल्या, रोज दाखवा, म्हणजे काय होणार ते त्यांना आधी कळेल. भिवा ते फोटो बोटाने सरकवत बसायचा. पहिल्या दिवशी गेलो तर ट्यूबलाइट बंद, खिडकीचा उजेड. त्यांनी आधी स्वतःच्या बोटाला सुई टोचून दाखवली, मग सुई त्याच्या हातात दिली. सुईचा माणूस तो. त्याने स्वतःच्या बोटाला अशी नेमकी टोचली, की डॉक्टर बघत राहिल्या. चावला नाही, ओरडला नाही. मी कोपऱ्यात उभी. म्हणजे एवढंच हवं होतं? अंधारलेली खोली आणि कुणीतरी आधी सांगणं? मनाला फार लागलं ते.

खाण्याचं मात्र जमेना. बिस्किटं बंद केली तसा तो पेजेवर आला. भाकरी वाढली की ताट सारायचा. कुसकरून दिली, दुधात भिजवून दिली, एक घास तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. पेजेने साखर खाली येईना, वजन मात्र उतरत चाललं. गालफडं बसली. दर पंधरवड्याला आकडा बघून डॉक्टर पुन्हा पायाची जखम तपासायच्या. मला रात्रंदिवस घोट्यापासून कापलेला पाय दिसायचा. मार्गशीर्षात एका गुरुवारी त्याने पुन्हा भाकरी थुंकली, माझ्या लुगड्यावर, आणि माझा तोल गेला. मी त्याच्या उजव्या गालावर थोबाडीत ठेवून दिली. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाच्या. माझा जीव घ्यायलाच जन्मलायस का तू, असं काहीतरी ओरडलेही. तो उठला, ताट मोरीत ठेवलं, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला सांगणार? शेजारणीला म्हटलं, हट्टी आहे, लहानपणापासूनचा.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर नम्रता म्हणाल्या, सगुणाताई, आज तुम्ही बाहेर बसाल का?

मी म्हटलं, तो माझ्याशिवाय बोलायचा नाही.

"मी त्यांना विचारते आणि उत्तर तुम्ही देता, ताई," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हसूनच म्हणाल्या. "आज त्यांना वेळ देऊन बघू."

बाहेरच्या बाकावर बसले. दार ओढून घेतलेलं. आतून पंख्याचा आवाज, मधूनच डॉक्टरांचा एखादा शब्द, मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला खात्री होती, आत थोबाडीचीच गोष्ट निघाली आहे. चोराच्या मनात चांदणं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. चाळीस मिनिटांनी दार उघडलं.

भिवा खुर्चीत बसलेला, हातात लाल स्केचपेन. टेबलावर कागद, त्यावर माणसाचं नुसतं रेघांचं चित्र, पुढून आणि पाठीकडून. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, दुखतं तिथे रंगव. त्याने चार ठिकाणी रंगवलं होतं. जिथे अंगठा होता तिथे, उजवा गुडघा, कंबर, आणि उजवा गाल. गालावर इतका दाबून रंग दिलेला, की कागद फाटला होता.

मी म्हटलं, बाई, मी मारलं त्याला. आठवडा झाला. एकच मारली, पण मारली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "ते त्यांनी नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "दाढ आहे, ताई. तोंड उघडून दाखवलं त्यांनी, मी टॉर्चने बघितली. खालची दाढ मुळापर्यंत किडलीय, हिरडीत पू आहे. ह्या दाढेने भाकरी चावणं शक्यच नाही. कधीपासून दुखतं विचारलं, तर म्हणतात, निळ्या जाळ्यापासून. मला काही उमगलं नाही. तुम्हाला कळतंय का?"

मला कळलं. मला नाही कळणार तर कुणाला? निळं जाळं विनोद नाखवाचं. निसर्ग वादळात ते गेलं, त्याच्या आधी दोन पावसाळे भिवाने ते सांधलं होतं. बोटांवर मोजलं. सात वर्षं. सात वर्षांपूर्वी त्याने भाकरी सोडली होती. नखरे म्हणून नव्हती सोडली. चावता येत नव्हतं म्हणून मऊ भात, चावता येत नव्हतं म्हणून चहात भिजलेलं बिस्कीट, आणि मी कौतुकाने पुडेच्या पुडे आणत गेले. दाढेपासून बिस्किटांपर्यंत, बिस्किटांपासून साखरेपर्यंत, साखरेपासून पायापर्यंत. सगळं माझ्याच हातून वाढलं गेलं. वर त्याच दाढेवर थोबाडीत मारली.

डॉक्टर म्हणत होत्या, दाढ काढली की खाणं सुधारेल, साखर उतरेल, पाय वाचेल, मी दातांच्या डॉक्टरांशी बोलते, तेही दुपारची वेळ देतील. मला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. मी भिवाच्या समोर खाली बसले, त्या दिवशी शेडमध्ये बसले होते तशीच. रडत रडत म्हटलं, "भिवा, मला सांगायचं नाय काय रे?"

तो पंख्याकडे बघत होता. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाला, "सांगितलं."

"कधी?"

"ताई मासे कापत होती. दात दुखतो सांगितलं." बोलता बोलता तो झुलायला लागला. रागाने बोलला नाही हो, उद्या शुक्रवार म्हणतो त्याच सुरात. "ताई म्हणाली, थांब जरा."

मग त्याने पेन टेबलावर ठेवलं. "भिवा थांबला," एवढंच म्हणाला.

मला तो दिवस आठवत नाही. किती डोकं फोडलं तरी आठवत नाही. दिवसातून पन्नास वेळा मी कुणाला ना कुणाला थांब जरा म्हणते, गिऱ्हाईकाला, मांजराला, रिक्षावाल्याला. म्हणते आणि विसरते, आणि ते काही थांबत नाहीत. त्यातलं एक मी भिवाला म्हटलं, हात धुवून परत त्याच्याकडे वळायची विसरले, आणि तो दुखरा दात घेऊन सात वर्षं माझी वाट बघत राहिला.